समुद्राकाठचं गोडं पाणी

मालवणात कुणी घरासाठी जागा बघून आलं, की आमच्या काकीचा पहिला प्रश्न ठरलेला: पाणी गोडं की मचूळ? रस्ता, वीज, शेजार हे सगळं नंतर. समुद्र हाकेच्या अंतरावर असला की विहिरीच्या पाण्याची चव घराच्या पायाइतकी मोलाची होते. आमची विहीर आषाढात काठोकाठ भरते, दिवाळीनंतरही गोड असते. वैशाख सरत आला की पोहरा तळाला घासू लागतो नि चहाची चव बदलते. तो बदल सगळ्यांच्या आधी काकीच्या जिभेला कळतो.

सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सिराकुझाला जायचं मी ठरवलं, ते या चवीपायीच. त्या शहरात समुद्राच्या अगदी कडेला गोड्या पाण्याचा झरा आहे आणि त्या झऱ्याभोवती पावणेतीन हजार वर्षांपूर्वी ग्रीकांनी वस्ती केली, एवढंच मी कुठेतरी वाचलं होतं. ते डोक्यातून जाईना.

मे महिन्याच्या मध्यावर कातानियाहून बस घेतली. एटना ज्वालामुखी बराच वेळ पाठीमागे दिसत होता, माथ्यावर धुराची बारीक रेघ. मग डाव्या हाताला, समुद्राच्या बाजूला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या आणि टाक्या सुरू झाल्या त्या लवकर संपेनात. हा प्रिओलोचा पट्टा. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे युरोपातल्या मोठ्या पेट्रोरसायन केंद्रांपैकी एक उभं राहिलं. त्या चिमण्यांचा आणि मी बघायला निघालेल्या झऱ्याचा काही संबंध असेल, असं तेव्हा मनातही आलं नाही.

जुनं सिराकुझा म्हणजे ऑर्तीजा हे बेट. जेमतेम चौरस किलोमीटरभराचं, जमिनीला पुलांनी जोडलेलं. पूल ओलांडला की समोर अपोलोच्या देवळाचे अवशेष, इसवी सनापूर्वीच्या ६व्या शतकातले. त्याला लागूनच सकाळचा बाजार भरतो. तलवारमासा, लाल कोळंबी, पाकिनोचे टोमॅटो, मिठात घातलेल्या केपरच्या कळ्या, आणि प्रत्येक विक्रेत्याची आपापल्या पट्टीतली आरोळी. मालवणच्या मासळीबाजारात वाढलेल्या मुलीला तिथून पाय काढणं अवघड गेलं. पण पिशवी खोलीवर टाकून मी आधी झऱ्याकडे गेले.

झऱ्याचं नाव आरेथुसा. पश्चिमेकडच्या धक्क्यावरून चालत गेलं की रस्त्याच्या पातळीपासून खाली एक गोल कुंड दिसतं. त्यात पपायरसचं दाट बेट उगवलेलं, उंच हिरव्या दांड्यांवर केसांसारखे झुबके. बदकं, आणि स्वच्छ पाण्यात संथ फिरणारे मासे. कुंडाच्या भिंतीपलीकडे काही पावलांवर भूमध्य समुद्र. मी कठड्यावर हात ठेवून एकदा डावीकडे बघत होते, एकदा उजवीकडे. इकडे पपायरस, तिकडे लाटा, मधे फक्त दगडी भिंत. रोमन वक्ता सिसेरो इसवी सनापूर्वी ७० साली याच शहराविषयी लिहिताना सांगून गेला आहे की हा झरा फार मोठा आहे, माशांनी भरलेला आहे, आणि दगडी बांध नसता तर लाटांनी कधीच गिळून टाकला असता. भिंती नंतर बदलल्या, आजच्या कुंडाचं रूप १९व्या शतकातलं आहे. पण त्याने वर्णन केलेली जागा हीच.

मला सिंधुदुर्ग आठवला. १६६४ ते १६६७ या काळात शिवरायांनी कुरटे बेटावर किल्ला उभारला. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव. लहानपणी होडीतून उतरलं की आम्ही आधी या विहिरींकडे धावायचो. बावीला दूध, दही, साखर अशी नावं ज्यांनी दिली, त्यांना गोड्या पाण्याचं अप्रूप काय होतं हे त्या नावांतच कळतं. ग्रीकांनी तेच अप्रूप गोष्टीतून सांगितलं. आरेथुसा ही ग्रीसमधली अप्सरा. अल्फेओस नावाच्या नदीचा देव तिच्या मागे लागला. देवी आर्टेमिसने तिला पाण्याचं रूप दिलं, ती जमिनीखालून, समुद्राखालून पळत आली आणि ऑर्तीजावर झरा होऊन बाहेर पडली. अल्फेओसही तिच्यामागोमाग समुद्रतळातून इथवर आला. ग्रीसमधल्या ऑलिम्पियाजवळ नदीत टाकलेला पेला इथे वर आला, असं प्राचीन काळी लोक मानत. राजापूरच्या गंगेच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे परकं कसं वाटेल? कॉरिंथहून आलेल्या वसाहतवाल्यांनी इसवी सनापूर्वी ७३४च्या सुमारास इथे बस्तान बसवलं. परक्या भूमीत आपल्या मुलखातली नदी जमिनीखालून आपल्यामागे आली आहे, ही कल्पना त्यांना किती धीराची वाटली असेल!

दुसऱ्या दिवशी पाओलो ओर्सी संग्रहालयात आरेथुसाचा चेहरा बघितला. सिराकुझाच्या चांदीच्या नाण्यांवर तो आहे. इसवी सनापूर्वीच्या ५व्या शतकाच्या अखेरीस किमोन आणि युएनेतोस या कारागिरांनी घडवलेली दहा द्राख्मांची नाणी जगातल्या सर्वांत सुंदर नाण्यांत गणली जातात. तळहातावर मावेल एवढ्या चकतीवर तिचं डोकं, आणि भोवती चार डॉल्फिन पोहताहेत. मधे गोडं पाणी, सभोवार खारं. शहराने आपली ओळख म्हणून राजाचा मुखवटा निवडला नाही, झऱ्याचा निवडला. काचेपुढून मला हलवेना.

बेटाच्या दक्षिण टोकावर मानियाचे किल्ला आहे. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तो १३व्या शतकात बांधला. तीन बाजूंना समुद्र. पण त्याच्या पोटात पायऱ्यांची एक अरुंद वाट खाली उतरते ती गोड्या पाण्यापाशी. तिला राणीचं स्नानगृह म्हणतात. किल्ला बांधणाऱ्यांची अक्कल सगळीकडे सारखीच: तोफा नंतर, पाणी आधी.

ऑर्तीजाच्या ज्यूंच्या जुन्या वस्तीत, ज्यूदेक्का म्हणतात तिला, एका जुन्या वास्तूच्या तळघरातून सुमारे १८ मीटर खाली उतरले. खडकात कोरलेलं दालन, खडकातच सोडलेले खांब, आणि जमिनीत खोदलेली छोटी कुंडं. हे ज्यूंचं शुद्धिस्नानाचं ठिकाण, मिकवे. त्यांच्या नियमाप्रमाणे अशा स्नानाला भांड्याने आणून ओतलेलं पाणी चालत नाही. ते आपसूक आलेलं हवं, झऱ्याचं किंवा पावसाचं. अशा झऱ्याच्या पाण्याला ते जिवंत पाणी म्हणतात. आपणही विहिरीला जिवंत झरे आहेत असंच म्हणतो की. १४९२च्या फर्मानाने स्पेनच्या राजसत्तेने सिसिलीतल्या ज्यूंना देशोधडीला लावलं. हे दालन मातीने बुजलेलं राहिलं ते थेट २०व्या शतकाच्या अखेरीस इमारतीच्या दुरुस्तीत सापडेपर्यंत. टनावारी माती उपसल्यावर तळाशी पाणी होतं. पाचशे वर्षं कुणी आलं नाही, तरी झरा येत राहिला होता. मी तिथे होते तेव्हा आणखी चौघं होते. कुणीच बोललं नाही.

वर आलं की ऊन आणि कॅथेड्रलचा चौक. सिराकुझाला येणारा प्रत्येक जण या चौकाचे फोटो काढतो, आणि काढायलाच हवेत. गेलॉन या सत्ताधीशाने इसवी सनापूर्वी ४८०मध्ये हिमेराच्या लढाईत कार्थेजचा पराभव केला आणि इथे अथेनेचं देऊळ बांधलं. ७व्या शतकात त्याचं ख्रिस्ती चर्च झालं, आणि ८७८मध्ये अरबांनी शहर जिंकल्यावर मशीद झाल्याचं सांगतात. पुढे पुन्हा चर्च. ११ जानेवारी १६९३च्या भूकंपाने सिसिलीचा हा कोपरा जमीनदोस्त केला, त्यानंतर १८व्या शतकात आंद्रेआ पाल्माने समोरचा नक्षीदार दर्शनी भाग उभारला. पण बाजूच्या गल्लीत जा. भिंतीत अर्धे गाडलेले डोरिक खांब तिथे जसेच्या तसे उभे आहेत. आत जा, तर प्रार्थनेला बसलेली माणसं अडीच हजार वर्षांपूर्वीच्या खांबांना टेकून बसलेली दिसतात. मी एका खांबाच्या खोबणीत बोट घालून बघितलं. गार होतं. दाराजवळच्या छोट्या दालनात बाप्तिस्म्याचं पात्र आहे: ग्रीक काळातला संगमरवरी घट, खाली ब्राँझचे चिमुकले सिंह. एका धर्माचं भांडं दुसऱ्या धर्माच्या पाण्याला चाललं.

या देवळाच्या माथ्यावर अथेनेची सोन्याची ढाल होती आणि ती दूर समुद्रावरून दिसायची. शहर सोडून निघालेले खलाशी बेटाच्या टोकावरच्या वेदीवरून मातीचा पेला बरोबर घेत. ढाल दिसेनाशी झाली की त्यात फुलं, मधाचं पोळं, धूप असं घालून तो पेला समुद्रात सोडत. प्राचीन लेखक अथेनेयसने हे नोंदवून ठेवलं आहे. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहून होड्या दर्यात लोटणाऱ्या माझ्या गावाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र सिराकुझाच्या पाण्याची दुसरी कहाणी बेटावर नाही, ती मुख्य भूमीवर निआपोलिस नावाच्या भागाच्या उतारावर आहे. तिथे जाताना मी खुशीत होते. परतताना नव्हते.

इसवी सनापूर्वी ४१५मध्ये अथेन्सने सिराकुझा जिंकायला आरमार पाठवलं. वेढ्याच्या काळात अथेन्सच्या सैन्याने एक काम केलं: शहराला पिण्याचं पाणी नेणाऱ्या जमिनीखालच्या नळ्या फोडल्या. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीजने हे एका वाक्यात सांगून टाकलं आहे, पण पाण्यावाचून राहिलेल्या माणसाला तिथे थांबावंसं वाटतं. पुढे दोन वर्षांत फासे उलटे पडले. ४१३मध्ये अथेन्सचं आरमार मोठ्या बंदरातच नष्ट झालं आणि उरलेलं सैन्य जमिनीवरून पळत सुटलं. तहानेने वेडं झालेलं ते सैन्य आसिनारोस नदीशी पोचलं आणि रांग मोडून पाण्यावर पडलं. वरून बाण येत होते, पाणी चिखलाने आणि रक्ताने लाल झालं होतं, आणि तरी माणसं त्याच पाण्यासाठी एकमेकांशी झगडत होती.

किमान ७,००० जण कैद झाले. त्यांना शहराच्या चुनखडीच्या खाणींत कोंडलं. वर छत नाही, दिवसा ऊन, शरदातल्या रात्री गार. आठ महिने प्रत्येकाला रोज दोन कोतिले धान्य आणि एक कोतिले पाणी. एक कोतिले म्हणजे पाव लिटरच्या आसपास. मी खाणीच्या तळाशी उभी होते तेव्हा माझ्या हातात अर्ध्या लिटरची बाटली होती, तीही निम्मी संपलेली. ज्यांनी दुसऱ्यांचे नळ फोडले त्यांना शेवटी मापाने पाणी मिळालं, हे मनात आलं. पण त्यात समाधान वाटावं असं काही नव्हतं. नळ फोडायचा हुकूम देणारे थोडे, खाणीत मेलेले हजारो.

ही खाण नक्की कोणती, ते थुसिडिडीज सांगत नाही. परंपरा कापुचिन मठाजवळच्या खाणीकडे बोट दाखवते. मी उभी होते ती पॅराडाइजची खाण म्हणून ओळखली जाते. आज तिच्यात लिंबाची आणि संत्र्याची झाडं आहेत, सावली आहे, आणि डायोनिशियसचा कान ही २३ मीटर उंचीची गुहा आहे. १६०८मध्ये चित्रकार काराव्हाज्जो इथे आला होता, गुहेला हे नाव त्याने दिलं. सहलीला आलेली शाळेची पोरं आत जाऊन ओरडत होती आणि आवाज भिंतींवरून चढत परत येत होता.

याच कैद्यांविषयी प्राचीन चरित्रकार प्लुटार्कने एक गोष्ट सांगितली आहे. सिसिलीच्या लोकांना अथेन्सचा नाटककार युरिपिडीज याच्या नाटकांचं विलक्षण वेड होतं. ज्या कैद्यांना त्याच्या नाटकांतले भाग पाठ होते, त्यांतले काही ते शिकवून गुलामीतून सुटले. लढाईनंतर रानोमाळ भटकणाऱ्या काहींना त्याची गाणी म्हटल्यावर अन्नपाणी मिळालं. घरी पोचलेल्यांनी युरिपिडीजला भेटून त्याचे आभार मानले म्हणे. पाण्याच्या बदल्यात कविता. मी त्या वाक्यापाशी पुन्हा पुन्हा येते.

खाणीच्या शेजारीच ग्रीक नाट्यगृह आहे, डोंगराच्या उतारात कोरलेलं. ग्रीक नाटककार एस्किलसची नाटकं इथे झाली. आजचं त्याचं रूप मुख्यतः इसवी सनापूर्वीच्या ३ऱ्या शतकातल्या दुसऱ्या हिएरॉन राजाच्या काळातलं. १९१४पासून इथे पुन्हा प्राचीन नाटकांचे प्रयोग होतात, आणि मे-जूनमध्ये दगडी पायऱ्यांवर लाकडी फळ्या टाकलेल्या असतात. नाट्यगृहाच्या माथ्यावर एक गुहा आहे आणि तिच्यातून पाणी कोसळतं. हे पाणी गालेर्मी नावाच्या पाटाने येतं: पंचवीसेक किलोमीटरवरच्या डोंगरातून, बरंचसं खडकात खोदलेल्या बोगद्यांतून. हिमेराच्या कार्थेजी कैद्यांनी तो खोदला, अशी परंपरा आहे. १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी नाट्यगृहाचे चिरे तटबंदीसाठी काढून नेले आणि या पाण्यावर प्रेक्षकांच्या पायऱ्यांत चक्क पिठाच्या गिरण्या बसवल्या. गिरणीवाल्यांचं घर अजून वर उभं आहे. चिरे चोरल्याचा राग येतो, गिरण्यांचा येत नाही. पाटाला पाणी आहे तोवर माणूस पीठ दळणारच.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर घरमालकीणबाईंनी कॉफी केली ती बाटलीतल्या पाण्याची. नळाच्या पाण्यात क्षार फार, किटली महिन्याभरात पांढरी होते, असं त्या हातवारे करून सांगत होत्या. मग मी विचारलं, आरेथुसाचं पाणी तुम्ही कधी प्यायलात? त्या हसल्या. ते मचूळ आहे, फार पूर्वीपासून. मचूळ हा शब्द अर्थातच त्यांचा नाही. त्यांनी जीभ बाहेर काढून तोंड वाकडं केलं, आणि तसं तोंड मी काकीचं शंभरदा बघितलं आहे.

त्यामागचं कारण समजून घ्यायला सिराकुझाइतकं योग्य गाव नाही, कारण ते आर्किमिडीजचं गाव. इसवी सनापूर्वी २१२मध्ये रोमन सेनापती मार्सेलसने शहर घेतलं तेव्हा आर्किमिडीज मारला गेला. रोमन सैनिक ऑर्तीजावर उतरले ते आरेथुसाजवळच्या दारातूनच, फितुरीने. तरंगणाऱ्या वस्तूंवर त्याने दोन भागांचा ग्रंथ लिहिला होता. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते त्याच्यावर तरंगतं. इब्लेई डोंगरांच्या चुनखडीत मुरलेला पाऊस जमिनीखालून समुद्राकडे येतो आणि किनाऱ्याखाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर साय धरावी तसा पसरतो. ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. म्हणजे उपशाने पातळी १ मीटर उतरली, तर तळातून खारं पाणी ४० मीटर वर चढू शकतं. आमच्या विहिरीत वैशाखात होतं ते हेच. आरेथुसाला भूकंपांनी धक्के दिले, समुद्र आत शिरला. आणि गेल्या सत्तर वर्षांत शहराच्या उत्तरेला कारखान्यांनी विहिरींतून इतकं पाणी खेचलं की त्या किनाऱ्याच्या भूजलात समुद्र शिरला. बसच्या खिडकीतून दिसलेल्या चिमण्या मला त्या रात्री पुन्हा दिसल्या. मालवणच्या किनाऱ्यावर एकामागून एक हॉटेलं होताहेत आणि प्रत्येकाची बोअरवेल आहे, हेही आठवलं. ते आठवायचं नव्हतं.

१७९८च्या जुलैत ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या ताफ्याने सिराकुझात थांबून पाणी भरून घेतलं आणि मग नाईलच्या मुखाशी फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडवला. तेव्हा या शहराकडे एका आरमाराला पुरेल इतकं गोडं पाणी होतं.

शेवटच्या दिवशी चाने नदीवर गेले. शहराबाहेर, मोठ्या बंदराला मिळणारी ही लहानशी नदी. हिचीही गोष्ट अप्सरेचीच: पाताळाचा देव पर्सेफोनेला पळवून नेत असताना चाने आडवी आली, आणि दुःखाने विरघळून तिचं पाणी झालं. नावाचा अर्थ निळी. काठाने पपायरसची रानं उभी आहेत. हिएरॉन राजाला इजिप्तच्या टॉलेमीने रोपं पाठवली होती असं सांगतात. १८व्या शतकात सावेरिओ लांदोलिना या सिराकुझाच्या माणसाने या दांड्यांपासून पुन्हा कागद बनवून दाखवला. उगमाचं तळं खोल आहे, तळाशी निळं होत गेलेलं. वाऱ्याने पपायरसचे झुबके एकमेकांवर घासत होते, भाताच्या लोंब्यांसारखा आवाज.

काठावर वाकून ओंजळ भरली आणि जिभेला लावली. मग काकीला फोन केला. मालवणात दुपार टळत आलेली. मी कुठे आहे, काय काय बघितलं, देऊळ, खाण, नाणं, असं सगळं भराभरा सांगत होते. तिने ऐकून घेतलं.

“पाणी गोडा मां गो थयला?”

गोड आहे म्हटलं. पण गावातल्या मोठ्या झऱ्याचं मचूळ झालंय.

“आपल्या बावीचा पण कालपासून झाला हा,” ती म्हणाली. “पावस पडलो की बघूया.”